अमेरिकेत गाडी चालवायची असेल तर आधी हा क्लास करा, ४ स्टार

लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जायचं ठरलं तेव्हा मिस्टरांनी इथं लातूरला हा परदेशात गाडी चालवणाऱ्यांचा क्लास लावला, मागच्या सीटवर मीपण बसायचे. आता जाऊन आलोत म्हणून लिहायलेय. नियम काय मोबाईलवरपण वाचता येतात, पण इतक्या वर्षांची हातापायाची सवय मोडायला कुणीतरी शेजारी बसून टोकावं लागतं आन् सर तेच करतात.

मैदानात फक्कीनं चौक आखलाय, चारी बाजूला स्टॉपचे बोर्ड. सिग्नल नसला तरी चाक पूर्ण थांबलंच पाहिजे, जो आधी आला तो आधी जाणार, दोघं सोबत आले तर उजवीकडच्याला जाऊ द्यायचं. आपल्या शिवाजी चौकात जो बोनेट आधी घुसवतो त्याचा नंबर, त्यामुळं हे लई जड जातं. चाक जरा जरी फिरत राहिलं की सर गाडी मागं घेऊन परत करायला लावायचे. डिप्परचंपण तसंच, आपण डिप्पर मारतो म्हणजे मी येतोय थांब, तिकडं समोरचा बरेचदा तुम्ही जा म्हणून मारतो, उलटं समजलं तर थेट धडकच की! पिवळ्या स्कूल बसचे लाल लाईट लागले की थांबायचं, मध्ये डिव्हायडर नसेल तर समोरून येणाऱ्यानंपण. स्पीड मैलात असतो, बोर्डावर ६५ म्हणजे आपले जवळपास १०५. पोलिसानं थांबवलं तर उतरून त्याच्याकडं जायचं नाही, सीटवरच बसायचं, हात स्टेअरिंगवर दिसले पाहिजेत. आणि बाळाला मांडीवर घेऊन बसायचं नाही म्हणजे नाही, मागच्या सीटवर बेबी सीट, बाळाचं तोंड मागच्या बाजूला. हे आज्यांनी आधीच ऐकून ठेवा, दवाखान्यातून घरी येतानाच लागतं.

परदेशात गाडी चालवायला लागणाऱ्या इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटचंपण नीट सांगितलं, फॉर्म ४ए, फी १००० रुपये, जास्तीत जास्त एक वर्ष चालतं, निघायच्या आधीच काढा आणि मूळ लायसन्स सोबत ठेवा.

कमी एकच, गाडी आपलीच, उजव्या स्टेअरिंगची अन् गिअरची. तिकडं स्टेअरिंग डावीकडं असतं, त्या बाजूनं अंदाज यावा म्हणून सर स्वतः चालवतात, आपल्याला शेजारच्या सीटवर बसवून रेष किती लांब आहे ते विचारत राहतात, त्याचा खरंच फायदा झाला. पण तिकडं बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक, क्लच समजून डावा पाय ब्रेकवर पडला की गाडी जागेवर थांबते आणि मागचा येऊन आदळतो, हे तोंडी सांगून पायाला कळत नाही. सर, जुनी का होईना एक ऑटोमॅटिक घ्याच, मी लगेच पाच करते.

उन्हाळ्यात सकाळचीच बॅच घ्या, नऊनंतर त्या मैदानात उभं राहवत नाही.