कुंभारवाड्यातली बिनरंगी चित्रं आणि सव्वादोन वर्षांच्या मुलीचा पहिला किल्ला

यंदा, म्हणजे 2025 च्या दिवाळीत, किल्ल्यासाठी मी रंग न दिलेली मातीची चित्रं, म्हणजे किल्ल्यावर मांडायच्या छोट्या मूर्ती, घेतली. एकूण 22 नग, 640 रुपये. सिंहासनावरचे महाराज 150 ला, घोडेस्वार आणि गाय प्रत्येकी 40, वाघ 30, बाकी मावळे, तोफा, गवळणी, वासरू, शेतकरी आणि एक छोटी विहीर असं सगळं 20 रुपयांप्रमाणे. पुण्यात, कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात घराच्या ओट्यावरच दुकान मांडलेल्या एका काकूंकडून घेतली. महिनाभर ती आमच्या टेरेसवर होती, माझ्या लेकीच्या, चिमीच्या हातात होती, काही पावसात होती. लहान मूल घरात असलेल्यांनी अशीच घ्यावीत असं मला फार वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

गेल्या वर्षी आम्ही ऑनलाइन मागवलेला तयार संच आणला होता. चकचकीत भगवे फेटे, सोनेरी तलवारी, खोक्यावर सुंदर फोटो. चिमी तेव्हा सव्वा वर्षाची, हातात येईल ते तोंडात. एका दुपारी तिचे ओठ केशरी दिसले, आणि मावळ्याच्या फेट्याची एक बाजू पांढरी पडलेली. मी खोकं उलटसुलट करून पाहिलं. रंग कोणता, त्यात काय आहे, कुठेच लिहिलेलं नव्हतं. घराच्या भिंतींना लावायच्या रंगात शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) वर नको, असा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून आहे. डब्यावर ते छापलेलंही असतं. पण दिवाळीच्या चित्राला कोणत्या डब्यातला रंग दिला आहे हे आईला कसं कळणार? पिवळा आणि केशरी हे तर शिसं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त असलेले रंग. तो संच त्याच दिवशी पिशवीत बांधून माळ्यावर टाकला.

म्हणून यंदा कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, चिमीला घेऊन मी आणि सासूबाई कुंभारवाड्यात गेलो. "बिनरंगाची आहेत का हो?" असं विचारल्यावर काकूंनी उलट विचारलं, "भाजलेली देऊ की कच्ची?"

हा फरक मला तेव्हाच कळला. दोन्ही साच्यातूनच काढतात, दोन्ही सावलीत सुकवतात. भाजलेली भट्टीत जातात, लाल होतात, टिचकी मारली की टणक आवाज येतो आणि पाण्यात पडली तरी विरघळत नाहीत. कच्ची फक्त वाळवलेली असतात. राखाडी-तपकिरी, हाताला किंचित भुरभुरीत, टिचकीला आवाजच नाही. पाणी लागलं की त्यांची परत माती होते. बहुतेक गिऱ्हाइकं कच्ची घेत नाहीत, ती रंगवण्याआधीची पायरी म्हणून मागे टोपलीत होती. मी भाजलेलीच मागणार होते, पण सासूबाई म्हणाल्या, "अगं, हिच्या हातात कच्चीच दे. मोडली तर मोडली, माती तर आहे." मग सहा भाजलेली घेतली (महाराज, दोन घोडेस्वार, गाय, वासरू आणि विहीर) आणि उरलेली सोळा कच्ची. आता मागे वळून पाहताना या खरेदीतली सगळ्यात चांगली गोष्ट तीच सोळा होती.

त्याआधीचं थोडं सांगायला हवं. नवरात्रात आमच्याकडे घट बसतात. पत्रावळीत माती, त्यात गहू, ज्वारी, करडई आणि मधोमध घट. यंदा धान्य चिमीच्या मुठीतून पेरलं. रोज सकाळी ती देवघरासमोर ओणवी होऊन "आलं?" विचारायची. तिसऱ्या दिवशी खरंच आलं. दसऱ्याला सासूबाईंनी पिवळट हिरवे तुरे खुडून तिच्या दोन शेंड्यांत खोवले. एरवी घटाची माती आम्ही तुळशीत घालतो. यंदा ती एका बादलीत काढून ठेवली, आणि चिमीने जाहीर केलं की ही "किल्ल्याची माती". तिला किल्ला म्हणजे काय हे तेव्हा माहीत नव्हतं, पण शब्द आवडला होता.

किल्ला रविवारी, 12 तारखेला घालायला घेतला. जागा फार नाही, टेरेसचा चार बाय तीन फुटांचा कोपरा. खाली जुनी ताडपत्री, त्यावर विटा आणि दगडांची रास, वरून भिजवलेलं गोणपाट. नर्सरीतून आणलेली दोन पोती लाल माती आणि घटाची बादली. ऑक्टोबरचं ऊन नऊनंतर सोसवत नाही, म्हणून सकाळी साडेसातला बसायचं आणि पाऊण तासात आटपायचं असं ठरवलं. चिमीला एक वाटी, एक जुना डाव आणि परातीत थोडा चिखल दिला. पहिल्या दिवशी तिने बोट लावून हात मागे घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंत हात आत. तिसऱ्या दिवशी ती परातीतच बसली. पाऊण तास एकाच जागी, एकाच कामात! मी तिला इतका वेळ दुसऱ्या कशातही रमलेलं पाहिलेलं नाही. चिखल मुठीत दाबायचा, बोटांच्या फटींतून बाहेर येताना बघायचा, मग तो किल्ल्यावर नेऊन थापायचा.

थापायची ती एकाच बाजूला. त्यामुळे आमच्या किल्ल्याला डावीकडे एक लांबलचक शेपूट आलं. माझ्या भावाने पाहिलं आणि म्हणाला, "हा तर लोहगड झाला, हा बघ विंचूकाटा!" विंचूकाटा म्हणजे लोहगडाची लांब, निमुळती सोंड. मग तो लोहगडच ठरला. यंदा जुलैमध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, 11 आपल्याकडचे आणि तमिळनाडूतली जिंजी. त्यांत लोहगड आहे, म्हणून भावाला जास्तच आनंद झाला. चिमीसाठी मात्र ती अजूनही "शेपूट"च आहे.

सोमवारी संध्याकाळी हळीव पेरलं. ही कृती सासूबाईंची, वाईच्या त्यांच्या माहेरची. ओल्या चिखलावर हळीव चिमटीने भुरभुरायचं, वरून ओलं फडकं टाकायचं, आणि पाणी ओतायचं नाही, हाताने शिंपडायचं. भिजलं की हळिवाच्या दाण्याभोवती बुळबुळीत आवरण येतं, त्यामुळे तो उभ्या उतारालाही चिकटून राहतो. मोहरी घरंगळते. हळीव किराणा दुकानातलं, खायचंच घ्या. पेरणीसाठी मिळणाऱ्या बियांच्या पाकिटात अनेकदा बुरशीनाशक लावलेलं असतं, गुलाबी किंवा लालसर रंगाचं, आणि लहान मुलाच्या बोटांना ते नको. आमच्याकडे उरलेल्या हळिवाचे लाडू झाले, तेही बरंच झालं. बुधवारी फडकं उचललं तर पांढरी टोकं. शुक्रवारी, वसुबारसेला, उतार हिरवागार. चिमीने घटाजवळची तिची जुनी हाक पुन्हा दिली, "आलं!" मग एक रोप उपटून खाल्लं, तिखट लागल्यावर तोंड वेडंवाकडं केलं आणि दुसरं उपटलं.

चित्रांना रंग आम्ही घरीच दिला. गेरू पाण्यात कालवला, हळद कालवली, तांदळाच्या पिठीची पेज केली. तीन वाट्या, आणि ब्रश म्हणून दोऱ्याने बांधलेला कापसाचा बोळा. कच्च्या चित्राला ओला रंग जपून लावावा लागतो, जास्त पाणी झालं की नाकडोळे पुसट होतात. दोन गवळणींचे झालेच. पण गेरूचे मावळे किल्ल्यावर इतके सुंदर दिसले, त्या मातीतूनच उगवल्यासारखे. हळद चार दिवसांत उन्हाने उडाली, गेरू टिकला. हे रंग लावलेला हात तोंडात गेला तरी पोटात गोळा येत नाही, हे मी मनापासून सांगते.

आता ज्या गोष्टीमुळे हा सगळा मजकूर लिहायला घेतला ती. दिवाळीतल्याच एका संध्याकाळी अचानक जोराचा पाऊस आला. आम्ही पणत्या उचलायला धावलो, चित्रं राहिली. सकाळी पाहिलं तर आठ कच्चे मावळे खाली बसलेले. काहींची डोकी शाबूत, कमरेखाली चिखल. मला वाटलं, चिमी रडेल. ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली, एकाच्या खांद्यावर बोट दाबलं, तो आत गेला. "माती झाला," ती म्हणाली. मग तिने तो सगळा चिखल गोळा करून दोन गोळे वळले, एकावर एक ठेवले आणि मला सांगितलं, "मावला." मोठ्यांना ओळखू येणार नाही असा, पण तिचा. असे पाच मावळे तिने केले आणि ते तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ल्यावर होते. भाजलेल्या किंवा गेल्या वर्षीसारख्या प्लास्टरच्या तयार चित्रांसोबत हे झालं नसतं. तुटलेलं प्लास्टर तुटलेलंच राहतं, त्याचं दुसरं काही करता येत नाही.

उणिवा आहेत. दुकानात बांधून देण्याची सोय नव्हती. वर्तमानपत्रात गुंडाळून कापडी पिशवीत दिली, घरी येईपर्यंत दोन मावळ्यांचे भाले आणि एका तोफेचं चाक गेलं. असे बारके तुकडे मी लगेच काढून टाकले. टिश्यूच्या गुंडाळीची पुठ्ठ्याची नळी घ्या, तिच्यातून जो तुकडा आत जातो तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायचा नाही. हे कच्च्या चित्रांच्या बाबतीत रोज पाहावं लागतं, कारण ती रोज थोडी थोडी झिजतात. साचे जुने झाल्यामुळे काही चेहरे सपाट आहेत. महाराजांच्या मूर्तीचा चेहरा तरी रेखीव हवा होता, 150 रुपयांत मला तेवढी अपेक्षा होती. मावळ्यांचे प्रकार दोनच, भालेवाला आणि ढाल-तलवारवाला. आणि किल्ला टेरेसवर घालणार असाल तर पाणी जायच्या जाळीवर जुना पंचा दुमडून ठेवा, नाहीतर सगळा चिखल पाइपात जाऊन बसतो. आम्हाला पावसाच्या दुसऱ्या दिवशी प्लंबर बोलवावा लागला आणि चित्रांच्या निम्मे पैसे तिथे गेले.

तुळशीचं लग्न लागल्यावर किल्ला काढला. उरलेली कच्ची चित्रं चिमीने स्वतः बादलीत सोडली. तासाभरात ती ढासळली, संध्याकाळपर्यंत तळाशी गाळ. तो गाळ, लाल माती आणि हळिवाची मुळं असं सगळं कुंड्यांत गेलं, आता त्यात मेथी आहे. त्याच दिवशी माळ्यावरचा गेल्या वर्षीचा संच काढला आणि एक मावळा दुसऱ्या बादलीत टाकला. आठवड्यानेही तो तसाच होता, फक्त पाण्याला रंग आला. प्लास्टर ऑफ पॅरिस साध्या पाण्यात सहजासहजी विरघळत नाही. गणपतीच्या मूर्तींसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेट वापरायची पद्धत काढली आहे, महापालिका ते वाटतेही. पण चार बोटांच्या खेळण्यासाठी आधी ते आणायचं आणि मग रंगाचं पाणी कुठे ओतायचं हा प्रश्न सोडवायचा, त्यापेक्षा ते घरात न आणणं मला सोपं वाटतं.

सहा भाजलेली चित्रं कापसात गुंडाळून पुढच्या वर्षासाठी ठेवली आहेत. खरं तर पाचच, कारण वासरू चिमीच्या उशाशी असतं.

जाणार असाल तर कोजागरी ते वसुबारस या दिवसांत जा, आणि शनिवार-रविवार टाळा. त्या गल्ल्यांत पणत्यांच्या गिऱ्हाइकांची गर्दी इतकी असते की लहान मुलाला खाली सोडता येत नाही. रिक्षाने गेलेलं बरं, गाडी लावायला जागा मिळत नाही. कच्ची चित्रं बाहेर मांडलेली नसतात, मागावी लागतात. घरून एक स्टीलचा मोठा डबा आणि जुनी साडी न्या, म्हणजे भाले वाचतील. दुकानातल्या त्या काकू म्हणाल्या की दसऱ्याच्या आधी सांगितलं तर साच्यातून काढलेली ओलीच चित्रंही ठेवीन, मुलीला स्वतः चेहरे कोरू दे. पुढच्या वर्षीसाठी मी त्यांच्या वहीत नाव लिहून आले आहे.