साउथ डकोटा (अमेरिका), आय-९० महामार्ग: कणसांचा महाल, अण्वस्त्रांचा बंकर आणि पाच सेंटची कॉफी

पूर्वेकडून येताना पहिला थांबा मिचेल गावचा कॉर्न पॅलेस म्हणजे कणसांचा महाल, एक्झिट (महामार्गावरून बाहेर पडायचा फाटा) ३३२. प्रवेश फुकट. रंगीत कणसं उभी चिरून, खिळ्यांनी ठोकून भिंतींवर चित्रं केलेली असतात. दाणे पाखरं टिपतात, आणि चित्रं दरवर्षी बदलतात. बदलाच्या दिवसांत अर्ध्या भिंती उघड्याच दिसतात. अर्धा तास पुरे.

वेळ राखून ठेवावा तो मिनटमन या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांच्या जुन्या स्थळासाठी. एक्झिट १३१ ला माहिती केंद्र, १२७ ला डेल्टा-०१ नियंत्रण केंद्र, ११६ ला डेल्टा-०९ म्हणजे क्षेपणास्त्राचं विवर (हे फुकट). डेल्टा-०१ ची भूमिगत फेरी सशुल्क आणि एका वेळी मोजक्याच लोकांची, म्हणून आगाऊ बुकिंग हवंच. लिफ्ट बंद पडली तर शिडीने वर चढावं लागतं. कोणाचे गुडघे कुरकुरत असतील तर आधीच ठरवा. खालच्या जाडजूड पोलादी दारावर पिझ्झाचं खोकं रंगवलंय: जगभरात ३० मिनिटांत पोच, नाहीतर पुढचा फुकट! सैनिकी विनोद, पण अंगावर काटा येतो. बुकिंगची वेळ माउंटन टाइमची, मिचेलपेक्षा तासभर मागे. घड्याळ बदललं नाही तर ताटकळत बसाल.

मग १३१ वरून बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानाचा २४० नंबरचा रस्ता धरून वॉल गाव गाठा. डेल्टा-०९ त्यात सुटतं. वॉलहून सहा मैल मागे येऊन बघता येतं.

वॉलमधल्या वॉल ड्रग या दुकानाच्या रस्त्याकडेच्या पाट्या दुकानापेक्षा मजेशीर. आत सगळा भेटवस्तूंचा बाजार. बर्फाचं पाणी १९३६ पासून फुकट, कॉफी पाच सेंट. डोनट मात्र चुकवू नका.