ऊर्जा साठवायला भरीव चकती की पातळ कडे?

भविष्यातील घरगुती ऊर्जासाठ्याचा प्रकल्प करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, की ऊर्जा साठवणाऱ्या फिरत्या चाकासाठी (फ्लायव्हीलसाठी) भरीव चकती घ्यावी की पातळ कडे.

वस्तुमान २० किलो, त्रिज्या ३० सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला ३००० फेरे धरला, तर कड्यात सुमारे ८९ किलोज्यूल, म्हणजे जेमतेम २५ वॉट-तास मावतात आणि चकतीत त्याच्या निम्मे, कारण कड्याचे सारे वजन परिघावर असते. कुंभाराच्या चाकाची कड जड असते ती याचसाठी.

मजबुतीचा निकष लावला, की पारडे फिरते. पदार्थ फाटेपर्यंत वेग वाढवत नेल्यास दर किलोमागे साठणाऱ्या ऊर्जेचा आकारगुणांक (त्या आकारात पदार्थाचे बळ किती कामी येते, हे सांगणारा आकडा) चकतीचा ०.६०६ आणि कड्याचा ०.५ भरतो. मात्र आसासाठी चकतीच्या मधोमध बारीकसे छिद्र पाडले, तरी तिथला ताण दुपटीवर जातो आणि तो गुणांक निम्म्यावर येतो.

पोलाद सर्व दिशांना सारखेच बळकट आणि स्वस्त असल्याने ते चकतीला शोभते, पण फुटलेच तर त्याचे मोठे तुकडे गोळ्यांसारखे सुटतात. कार्बन तंतूंचे बळ त्यांच्या लांबीच्या दिशेने असते, म्हणून ते कड्यालाच साजतात. न्यूयॉर्क राज्यातील स्टीफनटाउन येथे २०११ मध्ये उभ्या राहिलेल्या २० मेगावॉटच्या केंद्रातील २०० चाके याच पठडीतली आहेत.

महाविद्यालयीन कार्यशाळेत, मर्यादित खर्चात, छिद्राविना घडवलेली पोलादी चकती घ्यावी. हवेचा अडथळा आणि घर्षण टाळणारी निर्वात पेटी आणि चुंबकीय बेअरिंग परवडत असतील, तर कार्बनचे कडे.