हरित प्रमाणपत्राची फी: कॅममधून वाटून घ्यावी की आपल्या मजल्यापुरती भरावी?

बाणेर-खराडीकडे ऑफिससाठी मजला घेताना हल्ली दोन पर्याय समोर येतात. एक, मालक सगळी इमारत लीड या हरित मानांकनाच्या ओ-प्लस-एमखाली (वापरातल्या इमारतीचं प्रमाणपत्र) आणतो आणि खर्च कॅममधून, म्हणजे सामायिक देखभालीच्या शुल्कातून, सगळ्या भाडेकरूंवर वाटतो. दोन, आपण आपल्या मजल्यापुरतं लीडचं आयडी-प्लस-सी (आतल्या सजावटीचं प्रमाणपत्र) किंवा आयजीबीसी या भारतीय संस्थेचं ग्रीन इंटिरियर्स घेतो. फीची रचना ओळखीचीच आहे: नोंदणीची ठोक रक्कम, क्षेत्रफळानुसार प्रमाणनाची फी आणि सल्लागाराचं बिल वेगळं.

कोअर अँड शेलचा, म्हणजे विकसकाने बांधलेल्या मूळ इमारतीच्या प्रमाणनाचा, खर्च मात्र या तुलनेत येतच नाही. तो बांधकामाचा भाग. शिवाय यूडीसीपीआर (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) जिथे लागू आहे तिथे मानांकनानुसार ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय (चटईक्षेत्र) विकसकाला मिळतो. तो खर्च कॅममध्ये दिसला तर सरळ नाही म्हणावं.

वाटून घेण्याच्या बाजूने बोलायचं तर चिलर (एसीचं मुख्य शीतयंत्र), एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया), दर्शनी काच या गोष्टींना हात फक्त मालक लावू शकतो. तुम्ही अर्ध्याहून जास्त इमारत घेत असाल तर हाच मार्ग बरा पडेल.

पण एका मजल्याच्या भाडेकरूला यातली मेख छेदात, म्हणजे ज्या एकूण क्षेत्राने खर्च भागतात त्यात, सापडते. लीडची फी प्रत्यक्ष बांधीव क्षेत्रावर, पार्किंग वगळून लागते. कॅमची वाटणी मात्र लोडिंग (सामायिक जागेचा वाटा) धरलेल्या चार्जेबल क्षेत्रावर होते. समजा, इमारतीचं चार्जेबल क्षेत्र २,००,००० चौरस फूट आणि तुमचं १६,०००. तुमचा वाटा ८ टक्के. एकूण खर्च २० लाख असेल तर १ लाख ६० हजार. आता २५,००० चौरस फुटांचा एक मजला रिकामा झाला आणि व्यवस्थापकाने छेदात फक्त ‘भरलेलं क्षेत्र’ धरलं, की तोच वाटा १ लाख ८३ हजारांच्या आसपास जातो. तुमच्याकडे काहीच बदललेलं नसतं.

जीएसटीचं आणखी एक. सल्लागाराच्या २० लाखांवर १८ टक्के कर, म्हणजे बिल २३ लाख ६० हजार. मालक त्या कराचं क्रेडिट घेत असेल तर वाटणी २० लाखांचीच व्हायला हवी. कित्येकदा २३ लाख ६० हजार वाटून त्यावर पुन्हा १८ टक्के लावले जातात आणि ८ टक्केवाल्याला सुमारे ३४ हजारांचा फटका बसतो. मूळ बिल मागितल्याशिवाय हे कळत नाही, कारण कॅमच्या वार्षिक हिशेबात एकच ओळ असते.

त्यात ओ-प्लस-एमचं प्रमाणपत्र तीन वर्षांचं आणि करार बहुधा साठ महिन्यांचा. म्हणजे निघायच्या वर्ष-दोन वर्षं आधी नूतनीकरणाचा पूर्ण वाटा पुन्हा भरायचा. आम्ही मजल्यापुरता मार्ग धरला तो हिशेबातल्या या ओळीच्या कटकटीला कंटाळून. आयडी-प्लस-सीला असं नूतनीकरण नाही. मजला सोडला की त्याचा उपयोग संपतो, हे खरं. पण निदान खर्च एकदाच आणि आपल्या हातात.

अर्थात इथेही मालकाशिवाय पान हलत नाही. प्रमाणपत्रासाठी सक्तीची असलेली ताज्या हवेची पूर्वअट एएचयूच्या (हवा खेळवणाऱ्या यंत्राच्या) आकड्यांवर ठरते. जुनी यंत्रणा कमी पडत असेल तर अभियंत्याकडून तपासणी करून माणशी किमान १० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) तरी दाखवावे लागतात, आणि ते मोजायचे तर प्लँटरूमची किल्ली मालकाकडे. शौचालयं सामायिक असतील तर नळ आणि फ्लशची माहितीही त्याच्याकडूनच. पाण्यात किमान २० टक्के बचत दाखवणं सक्तीचं आहे. धूम्रपानाचा कोपरा दारं, खिडक्या आणि हवा ओढणाऱ्या जाळ्यांपासून ७.५ मीटर लांब हवा. लॉबीच्या दाराशी ठेवलेली राखेची कुंडी टेप लावून मोजा. बहुतेक ठिकाणी ती चार-पाच मीटरवरच निघते आणि ती हलवणं भाडेकरूच्या हातात नसतं.

म्हणून करारात तीन वाक्यं घालून घ्यावीत: एएचयू, पाणी आणि वीज यांच्या नोंदी मागितल्यापासून पंधरा दिवसांत मिळतील, सामायिक जागेतल्या पूर्वअटी मालक पूर्ण करेल, इमारतीच्या कुठल्याही प्रमाणनाचा खर्च लेखी संमतीशिवाय कॅममध्ये येणार नाही. तिसऱ्या वाक्यावर मालक अडतो. तेव्हा ‘छेद कायम एकूण चार्जेबल क्षेत्राचाच राहील’ एवढं तरी लिहून घ्यावं.

कंत्राटदाराबाबत म्हणाल तर चिकट पदार्थ आणि रंग यांचे व्हीओसीचे (हवेत मिसळणाऱ्या रसायनांच्या प्रमाणाचे) कागद माल साइटवर यायच्या आधी ताब्यात घ्या. सुतार कोपऱ्यावरच्या दुकानातून डबा आणतो, प्लाय चिकटतो आणि मग त्या डब्याचा कागद कुणालाच मिळत नाही. डेब्रिजच्या प्रत्येक फेरीची वजनपावतीही लागते. त्यामुळे जुनं फर्निचर तोडायच्या आधीच नोंदणी उरकून सल्लागाराला कामावर घेतलेलं बरं.