कॉम्प्युटर शांत झाला, थंडही झाला, आणि माझे साडेतेरा हजार गेले

मी इंदूरला राजेंद्र नगरात राहते. शाळांसाठी तयार होणाऱ्या धड्यांना घरूनच आवाज देते आणि त्यांचे व्हिडिओ बनवून पाठवते. रेकॉर्डिंग मागच्या खोलीत. दार-खिडक्या बंद, डोक्यावरचा पंखा बंद, एसी बंद. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना त्या खोलीत काय होतं ते सांगायला नको. माणूस कसाबसा सहन करतो, कॉम्प्युटर करत नाही. पंखे जोरात फिरायला लागले की घरघर थेट माइकमध्ये. एकेक परिच्छेद चार-चारदा वाचावा लागायचा.

अशात आमच्या कॉलनीच्या गणपतीत साऊंड सांभाळणारा एक मुलगा भेटला. मराठीच, बोलायला अतिशय नम्र, घरी आला तेव्हा आईच्या पाया पडला. कॉम्प्युटरचं कॅबिनेट, म्हणजे बाहेरचा डबा, बघून म्हणाला, "ताई, समोर काच आहे, हवा आत येणार कुठून? मी मॉडिफाय करून देतो. आवाज ऐकूच येणार नाही." काचेबद्दल तो खरंच बोलला होता. समोरच्या काचेच्या दोन्ही कडांना बोटभर फट, तेवढीच हवेची वाट. निदान बरोबर निघालं म्हणून मी इलाजावरही विश्वास ठेवला.

ठरलं ते असं: ऑस्ट्रियाच्या नावाजलेल्या कंपनीचे चार तपकिरी पंखे, वरच्या पत्र्याला दोन नवी भोकं, दोन्ही बाजूंना आतून आवाज शोषणारा फोम, नवी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता त्याच्यावरच्या कूलरपर्यंत नेणारा लेप) आणि मजुरी. एकूण १३,५०० रुपये. ८,००० यूपीआयने आगाऊ, उरलेले ५,५०० त्याने रोख मागितले. बिल मागितलं तर "ताई, घरचंच काम आहे." पंखे बबल रॅपमध्ये सुटे होते, खोके नव्हते. "खोक्यासकट आणले तर कस्टम लागतं" म्हणाला. मी मान डोलावली.

काम सुरू करण्याआधी त्याने माझ्यासमोर कॉम्प्युटरवर पूर्ण ताण देणारी चाचणी चालवली, पंधरा मिनिटं. प्रोसेसरचं तापमान ९६ अंश. त्याचा फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवला. मग कॅबिनेट घेऊन गेला, तिसऱ्या दिवशी रात्री नऊला परत आणलं, तीच चाचणी पुन्हा पंधरा मिनिटं चालवली. तापमान ५८, आणि आवाज म्हणाल तर कान लावून ऐकावा लागत होता. त्याचाही फोटो पाठवला. मी खूश होऊन उरलेले पैसे लगेच दिले.

पाच आठवडे सगळं छान वाटलं. रेकॉर्डिंग स्वच्छ यायला लागलं. फक्त एक गोष्ट खुपत होती. वीस मिनिटांचा धडा एक्सपोर्ट व्हायला आधी पंचवीस मिनिटं लागायची, आता चाळीस लागत होती. मला वाटलं, सॉफ्टवेअरचा नवा अपडेट आला असेल. त्याला विचारलं तर तोही तेच म्हणाला.

शेजारचे काका पीथमपूरच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते, आता निवृत्त आहेत. एकदा सहज त्यांच्यासमोर विषय निघाला. ते म्हणाले, "फोटो दाखव." दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरून त्यांनी मोठे केले, आणि तापमानाच्या आकड्याकडे न बघता खालच्या ओळीवर बोट ठेवलं. पहिल्या फोटोत प्रोसेसरचा वेग ३९९० मेगाहर्ट्झ. दुसऱ्यात २४९०.

माझा प्रोसेसर कोअर आय-५ १२४०० आहे. त्याचा मूळ वेग २.५ गिगाहर्ट्झ, आणि काम अंगावर पडलं की तो आपोआप वाढतो. ही आपोआपची वाढ, म्हणजे टर्बो, त्या मुलाने बंद करून ठेवली होती. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ केलं होतं, बस्स. एका आकड्याचा फरक! वेग कमी, म्हणून वीज कमी, म्हणून उष्णता कमी, म्हणून पंखे हळू. शिवाय पहिली चाचणी भर दुपारी तापलेल्या खोलीत झाली होती आणि दुसरी रात्री, एसी चालू असताना. खोलीच दहा-बारा अंशांनी थंड असेल तर आतलं तापमानही साधारण तितकंच खाली येतं. खोलीचं तापमान वजा केल्याशिवाय अशा दोन आकड्यांची तुलना होऊच शकत नाही. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

काकांनी सेटिंग पुन्हा १०० वर नेलं आणि तीच चाचणी लावली. चार मिनिटांत १०० अंश. या प्रोसेसरची ती कमाल मर्यादा. तिथे पोचला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. म्हणजे साडेतेरा हजार खर्चून माझी मशीन आधीपेक्षा जास्त तापत होती.

का, ते उदबत्तीने कळलं. काकांनी देवघरातली एक पेटती उदबत्ती समोरच्या फटीपाशी धरली. हवा आत ओढली जात असेल तर धूर वाकायला हवा. धूर सरळ वर गेला, जरासुद्धा हलला नाही. काच काढली तर आतल्या कडांपर्यंत फोम चिकटवलेला. होती नव्हती ती वाटही बुजली होती. फोम तरी आवाज शोषणारा असावा? टीव्हीच्या खोक्यात येतो तो पॅकिंगचा फोम. काकांनी गच्चीवर नेऊन एका तुकड्याला काडी लावली, तो भराभर जळून गेला. हा तुकडा गरम ग्राफिक्स कार्डापासून चार बोटांवर होता, आणि त्याच खोलीत दुपारी माझी आई झोपते.

मग पंखे. मधलं तपकिरी स्टिकर नखाने उचललं तर खाली दुसरं स्टिकर, कुठल्याशा बिननावी कंपनीचं. साधे, स्वस्तातल्या बुश बेअरिंगचे पंखे, वरून रंगवलेले. प्लगला चार छिद्रं, पण वायरी तीनच. चौथ्या वायरीवरून मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, पंख्याचा वेग ठरवत असतो, ती नव्हतीच. आणि प्रत्येक वायरीवर काळ्या नळीत लपवलेला एक रेझिस्टर. त्याने व्होल्टेज कमी होतं आणि पंखा कायम रेंगाळत फिरतो. चांगल्या कंपन्याही असा रेझिस्टर सोबत देतात, त्यात वावगं नाही, पण तो लावलाय हे सांगावं लागतं. रेझिस्टर काढल्यावर चारपैकी दोन पंखे असे खडखडले की आई बाहेरून विचारायला आली.

सर्वात जास्त राग मला वेगळ्याच गोष्टीचा आला. पंख्यांच्या मध्याशी, जिथे आत चुंबक असतो, तिथे लोखंडाचा बारीक कीस दाढीच्या खुंटांसारखा उभा होता. म्हणजे मदरबोर्ड बाहेर न काढताच त्याने वर होल सॉ, म्हणजे गोल भोक पाडायची करवत, चालवला होता. त्यातला एक कण दोन पिनांच्या मध्ये पडला असता तर बोर्डच जळाला असता. पत्रा कापायचा तर आधी आतलं सगळं बाहेर काढायचं, कापून झालं की कडा कानसीने घासायच्या, कॅबिनेट धुऊन-पुसून वाळवायचं, मगच सामान परत बसवायचं. यात शॉर्टकट नाही.

पुढचं काम काकांनी आणि मी मिळून दोन रविवारी केलं. फोम खरवडून काढला. समोरची काच काढून तिथे सियागंजातून आणलेली बारीक भोकांची पत्र्याची जाळी बसवली, आत धुता येईल असा फिल्टर. मागच्या पंख्यापुढे पत्र्यातच कापलेली नक्षीदार जाळी होती, ती कापून टाकली, कारण हवा तिथेच अडते आणि शिट्टीसारखा आवाज करते. बाजूच्या पत्र्यांना मोटारीच्या दारात लावतात तसली डांबराची शीट चिकटवली, त्याने पत्र्याची थरथर थांबली. १२० मिलिमीटरचे चार वायरींचे तीन पंखे पक्क्या बिलावर घेतले. दोन समोरून हवा आत घेतात, एक मागून बाहेर टाकतो. वरची भोकं बंद केली. पंख्याचा वेग निम्मा केला की हवाही निम्मी होते, पण आवाज साधारण पंधरा डेसिबलने उतरतो. म्हणून एका पंख्याला पळवण्यापेक्षा दोन-तीन सावकाश चालवलेले बरे.

आता दुपारी, खोली ३५ अंशांवर असताना, अर्धा तास पूर्ण ताण देऊन वेग ३९९० आणि तापमान ७९. पंखे मिनिटाला ९०० फेऱ्यांच्या आसपास. माइकमध्ये काही येत नाही.

त्या मुलाला फोन केला. आधी म्हणाला सेटिंग तुम्हीच बदललं असेल, मग म्हणाला पंखे त्यालाच कुणी नकली दिले, मग फोन उचलणं बंद. कॉलनीतल्या आणखी दोन घरांत त्याने हेच 'सायलेंट पॅकेज' दिलंय. एका घरी ९९, दुसऱ्या घरी चक्क ७०. ज्यांनी कुणाकडून असं काम करून घेतलंय त्यांनी आज घरी जाऊन कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शनमध्ये तेवढा एक आकडा बघा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवली आहे. तिथे जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. बिल नाही, रोख दिलेल्या ५,५०० चा कागद नाही. पण यूपीआयची नोंद आहे, चॅट आहे, स्टिकर सोललेला एक पंखा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलाय, आणि ते दोन फोटो आहेत, त्यानेच काढलेले, त्याच्याच नंबरवरून आलेले, खालच्या ओळीतल्या आकड्यांसकट.