सीरममधून मायक्रो-आरएनए काढायचे किट : हिपॅटायटिस बी-च्या कामाला कितपत उपयोगी?

पुण्यातल्या प्रयोगशाळेत, ती पाषाणची असो की गणेशखिंडची, हिपॅटायटिस बी-च्या रुग्णाच्या सीरममधला (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातला) मिर-१२२ हा यकृतातला मायक्रो-आरएनए (जनुकांचे काम आवरणारा लहानसा आरएनए) मोजायचे ठरले की पहिला प्रश्न येतो : आरएनए काढायचा कशाने? कायाजेन कंपनीचे मिरनीझी सीरम/प्लाझ्मा किट हे त्याचे रुळलेले उत्तर. किट खरोखर चांगले आहे. मात्र नमुना बिघडलेला असेल, तर हे किट तो बिघाडही तितक्याच निगुतीने काढून तुमच्या हातात देते.

खोक्यात ५० नमुन्यांचे साहित्य येते. क्लोरोफॉर्म, शुद्ध इथेनॉल आणि स्पाइक-इन (काढणी तपासायला मुद्दाम घालायचा, ठरावीक प्रमाणातला आरएनए) वेगळे घ्यावे लागते, हे खरेदीच्या अर्जातच लिहा. कॉलम (आरएनए धरून ठेवणाऱ्या गाळण्या) २ ते ८ अंशांवर ठेवायचे असतात. एप्रिल-मेमध्ये खोके भांडारात दोन दिवस पडून राहू देऊ नका; आल्या दिवशी उघडून कॉलम फ्रिजमध्ये टाका. दोन्ही वॉश बफरमध्ये इथेनॉल आपणच घालायचे असते. ते राहिले तर आरएनए कॉलमवरून धुऊन जातो. घातल्यावर बाटलीवर खूण आणि तारीख टाका.

कृती अशी. २०० मायक्रोलिटर सीरममध्ये १ मिलिलिटर कायाझॉल (फिनॉल आणि ग्वानिडीनचे द्रावण) घालून व्होर्टेक्स करा (यंत्रावर घुसळा) आणि ५ मिनिटे ठेवा. मग सी. एलिगन्स कृमीच्या मिर-३९ चे ३.५ मायक्रोलिटर स्पाइक-इन घाला. ते आधी, थेट सीरममध्ये घातले तर सीरममधले आरएनेज (आरएनए तोडणारी विकरे) त्याचा क्षणात फडशा पाडतात. २०० मायक्रोलिटर क्लोरोफॉर्म घालून १५ सेकंद जोरात हलवा, २-३ मिनिटे थांबा आणि ४ अंशांवर १२,००० जी वेगाने १५ मिनिटे फिरवा. (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीतला जोर; आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, नव्हे. रोटरच्या त्रिज्येवरून हिशेब करा.) वरचा पाण्याचा थर साधारण ६०० मायक्रोलिटर मिळतो. शेवटच्या थेंबाचा लोभ नको : मधला पांढरा थर पिपेटमध्ये आला की फिनॉल आणि प्रथिने पुढे जातात आणि पीसीआर (प्रती वाढवून मोजण्याची अभिक्रिया) अडतो. दीड पट इथेनॉल घाला, लगेच कॉलमवर चढवा. इथून पुढे सेंट्रीफ्यूज खोलीच्या तापमानाला हवा, आणि मघाशी तो ४ अंशांवर होता हे हमखास विसरले जाते. शेवटच्या ८० टक्के इथेनॉलच्या धुण्यानंतर झाकण उघडे ठेवून ५ मिनिटे पूर्ण वेगाने कोरडे करा आणि १४ मायक्रोलिटर पाण्यात उतरवा.

नॅनोड्रॉपवर (आरएनए मोजायच्या प्रकाशमापकावर) आकडा पाहू नका. सीरममधला आरएनए इतका कमी असतो की दिसते ते बहुतेक फिनॉल आणि ग्वानिडीन. सगळ्या नमुन्यांचे आरएनए सारख्याच आकारमानात आरटीला (आरएनएवरून डीएनए बनवण्याच्या पायरीला) घ्या आणि मिर-३९ च्या सीक्यूवरून (पीसीआरच्या ज्या फेरीत संकेत दिसतो तिच्या क्रमांकावरून; क्रमांक लहान तर आरएनए जास्त) काढणी समान झाली का ते पाहा.

आता खरी अडचण : हिमोलिसिस. ससूनसारख्या गर्दीच्या ओपीडीत बारीक सुई, घट्ट टूर्निके, सिरिंजमधून ट्यूबमध्ये जोराने ढकललेले रक्त, वर उन्हातला प्रवास. तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांतला मिर-४५१ व मिर-१६ सीरममध्ये उतरतो. अनेक जण मिर-१६ लाच संदर्भ धरतात, मग फुटलेल्या नमुन्यात मिर-१२२ खोटाच कमी दिसतो. नुसत्या डोळ्यांना लालसरपणा दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. ४१४ नॅनोमीटरवर शोषण मोजा, ०.२ च्या वर असेल तर नमुना बाजूला ठेवा. पीसीआरमध्येही, हिमोलिसिसने फारसा न बदलणाऱ्या मिर-२३ए च्या सीक्यूमधून मिर-४५१ चा सीक्यू वजा करा : फरक ५ च्या खाली असेल तर ठीक, ७ च्या वर गेला तर तो नमुना वगळा. प्लाझ्मा (गोठू न दिलेल्या रक्तातला द्रव) घेणार असाल तर ईडीटीए ट्यूब वापरा; हेपरिन आरटी आणि पीसीआर दोन्ही अडवते. प्लेटलेट काढण्यासाठी दोनदा फिरवा. सीरम आणि प्लाझ्मा एकाच अभ्यासात मिसळू नका.

निकाल वाचताना हात आखडता घ्यावा. मिर-१२२ हा यकृतातल्या मायक्रो-आरएनएचा सर्वांत मोठा वाटा, सुमारे ७० टक्के; पेशी दुखावली की तो रक्तात येतो, त्यातला काही एचबीएसएजीच्या (विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाच्या) कणांवर स्वार होऊनही. पण पेशी दारूने दुखावली, हिपॅटायटिस सी-ने की क्षयाच्या गोळ्यांनी, हे तो सांगत नाही. निदान एचबीएसएजी, अँटी-एचबीसी (विषाणूच्या गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडे) आणि एचबीव्ही डीएनएनेच (विषाणूच्या डीएनएनेच) होते. मिर-१२२, मिर-२१, मिर-२२३ यांचा उपयोग त्या निदानापुढच्या प्रश्नांसाठी, म्हणजे दाह आणि कर्करोगाचा धोका यांच्या अभ्यासासाठी. रुग्णाच्या हातात देण्याच्या अहवालात हा आकडा आज घालू नये, असे आमचे ठाम मत आहे.

याच आरएनएतून विषाणूचा प्रीजिनोमिक आरएनए (ज्याच्यावरून विषाणू आपला डीएनए बनवतो तो) मोजायचा मोह होतो. तो उपयुक्त मार्कर आहे, पण मायक्रो-आरएनएसारखा नॉन-कोडिंग (प्रथिन न बनवणारा) नव्हे. कोअर प्रथिन आणि पॉलिमरेज त्याच्यावरूनच बनतात. मोजणार असाल तर डीएनेज (डीएनए तोडणारे विकर) द्या आणि आरटीशिवायचा नियंत्रण नमुना ठेवा, नाहीतर विषाणूचा डीएनएच मोजला जाईल.

काम क्लास-२ जैवसुरक्षा कॅबिनेटमध्ये करा. लसीचे ०, १, ६ महिन्यांचे तिन्ही डोस आणि अँटी-एचबीएस (लसीने तयार होणारी प्रतिपिंडे) दर मिलिलिटरला १० मिली-आययूच्या वर, हे झाल्याशिवाय कुणालाही बसवू नका. कायाझॉलच्या कचऱ्यात ब्लीच कधीही ओतू नका. त्यातल्या ग्वानिडीनमुळे विषारी वायू सुटतात. फिनॉलचा कचरा उचलणारी सोय नसेल, तर याच कंपनीची फिनॉलविरहित 'ॲडव्हान्स्ड' आवृत्ती घ्या.

दर फेरीत सीरमऐवजी पाण्याचा एक रिकामा नमुना धरा. १२-१२ च्या फेऱ्या केल्या तर ५० कॉलममध्ये रुग्णांचे ४४ नमुनेच बसतात आणि दोन कॉलम उरतात. किटची मागणी त्या हिशेबाने करा.