जुन्या गेम मशीनमध्ये काय ठेवावं : पिक्चर ट्यूब की एलसीडी?

बंद पडलेल्या व्हिडिओ गेम पार्लरमधलं एखादं मशीन हाती लागलं की बहुतेक जण आधी रंगाचा आणि सनमायकाचा विचार करतात. मी म्हणेन, आधी पडद्याचं ठरवा. सनमायका पुढच्या वर्षी बदलला तरी काही अडत नाही. पण जुनी पिक्चर ट्यूब जिवंत करायची की ती काढून एलसीडी बसवायचा, यावर आतल्या तारा, पॉवर सप्लाय, गेमचा बोर्ड, अगदी मशीन भिंतीपासून किती पुढे येणार हेसुद्धा ठरतं. मी हे दोन्ही पडदे एकाच मशीनमध्ये चालवले आहेत. ट्यूबचं किट, म्हणजे तिला चालवणारं सर्किट, दुरुस्तीला गेलं होतं तेव्हा आत एलसीडी होता, आणि तो मुक्काम चांगला लांबला. कोथरूडच्या एका मित्राचं मशीन आजही एलसीडीवर चालतं आणि तो समाधानी आहे. खालचं सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे, यंत्र लावून मोजलेलं नाही.

आपल्याकडच्या मशीनबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी. जपानी किंवा अमेरिकन कॅबिनेटचे फोटो समोर ठेवून काम काढलं तर निराशा होते. पुण्यातल्या पार्लरमध्ये मी पाहिलेली मशीन जवळजवळ सगळी इथल्याच सुतारांनी बनवलेली होती. प्लायवूडचं खोकं, वर सनमायका, आत टीव्हीचीच २० किंवा २१ इंची ट्यूब, आणि बोर्डाचं आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा असे वेगवेगळे सिग्नल, घेता यावं म्हणून मेकॅनिकने फेरफार केलेलं किट. बोर्ड तर पार्लरवाले स्वतःच बदलायचे. जामा कनेक्टरची ५६ पिनांची पट्टी त्यासाठीच आहे : एक गेम जुना झाला की बोर्ड ओढून काढायचा, दुसरा खोचायचा. खोकं सुताराचं, बोर्ड येणारे-जाणारे, बटणं तर दर मोसमात नवी. या सगळ्यात एका जागी टिकून राहायची ती ट्यूब. माझा कल कुठे आहे हे इथेच लक्षात आलं असेल, तरीही एलसीडीची बाजू मी प्रामाणिकपणे मांडणार आहे, कारण ती कमजोर नाही.

पहिली गोष्ट वजनाची. २१ इंची ट्यूब असलेलं मशीन लिफ्ट नसलेल्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर चढवणं हे चार माणसांचं काम आहे. एलसीडी बसवला की तेच खोकं दोघं उचलतात. दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. रंगीत ट्यूबच्या काचेवरच्या रबरी टोपीखाली २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि मशीन बंद केल्यावरही तो तिथे साठून राहू शकतो. घरात हात घालणारी लहान मुलं असतील आणि मागच्या दाराला कुलूप लावायची तुमची सवय नसेल, तर हा मुद्दा एकटाच निर्णय देऊन टाकतो. तिसरी गोष्ट आवाजाची. ट्यूब चालू असताना साधारण १५.७ किलोहर्ट्झची एक बारीक शिट्टी वाजत असते. मला ती आता ऐकू येत नाही, पण माझ्या मुलीला शेजारच्या खोलीतूनही येते आणि अभ्यासाच्या वेळी तिची तक्रार असते. आणि चौथी गोष्ट, एलसीडी बिघडला तर दुसरा तासाभरात मिळतो. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जाऊन यायचं, चार स्क्रू फिरवायचे, झालं.

बटणं, जॉयस्टिक, कॉइन मेक (नाणं घेणारी यंत्रणा) यांचा या निर्णयाशी काही संबंध नाही. ते दोन्हीकडे सारखंच.

मग मी ट्यूबकडे परत का आलो? कारण एकच, आणि ते सांगितल्यावर काहींना क्षुल्लक वाटेल.

माझ्या मशीनवर मुख्यतः ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ चालतो, म्हणजे आपण सगळे ज्याला नुसतं ‘मुस्तफा’ म्हणायचो तो कॅपकॉमचा १९९३ सालचा गेम. हा गेम म्हणजे डावीकडून उजवीकडे चालत राहणं. चालायचं, मारायचं, पुन्हा चालायचं. आणि तुम्ही चालता तेव्हा मागचं अख्खं चित्र सरकतं. एलसीडीवर उभं राहून खेळताना सगळं नीट दिसत होतं. चित्र स्वच्छ, रंग भडक. पण गेममधला मुस्तफा चालायला लागला की मागच्या भिंतीतून, कुंपणाच्या गजांतून एक लहर पळत जायची. गज जाड व्हायचे, बारीक व्हायचे, पुन्हा जाड व्हायचे. थांबलं की लहर गायब. पहिल्या दिवशी मला वाटलं केबल सैल आहे. केबल बदलली, सेटिंग बदललं, दुसरा मॉनिटर लावून पाहिला. लहर तशीच.

कारण कळल्यावर समजलं, हा बिघाड नव्हताच. कॅपकॉमच्या त्या पिढीच्या बोर्डाचं चित्र आडवं ३८४ आणि उभं २२४ ठिपक्यांचं असतं. ठिपके चौकोनी धरले तर हे चित्र १२ : ७ प्रमाणाचं होतं, पण ते बनवलंय ४ : ३ च्या पडद्यासाठी. म्हणजे त्याचे ठिपके मुळातच चौकोनी नाहीत, उभट आहेत. आता जुन्या मशीनमध्ये नीट बसतो म्हणून आपण जो वापरलेला १९ इंची मॉनिटर आणतो, त्याचे ठिपके १२८० बाय १०२४, आणि तेही पक्के चौकोनी. ३८४ स्तंभ १२८० मध्ये बसवायचे तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वातीनच्या थोडं वर येतात. अर्धा ठिपका पेटवता येत नाही. मग प्रत्येक तिसरा स्तंभ ४ ठिपके रुंद आणि बाकीचे दोन ३ ठिपके रुंद होतात. चित्र स्थिर असेल तोवर हे कुणाच्या लक्षात येत नाही. चित्र सरकायला लागलं की कुंपणाचा तोच गज क्षणात रुंद स्तंभात येतो, क्षणात अरुंद स्तंभात जातो, आणि तीच ती लहर.

यावर उपाय आहे : बोर्डाला किंवा मॉनिटरला कडा मिसळू द्यायच्या. मग लहर दबते, पण सगळ्या चित्रावर साय धरल्यासारखं होतं. दुसरा उपाय अचूक पटीत चित्र दाखवण्याचा, पण तसं केलं की एक तर चेहरे रुंद होतात, नाही तर चहूबाजूंनी काळी पट्टी येते आणि २१ इंची खोक्यात गेम पोस्टकार्डाएवढा वाटायला लागतो.

ट्यूबमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही. तिच्या काचेमागे मास्कची, म्हणजे बारीक जाळीच्या पत्र्याची, भोकं असतात खरी, पण गेमच्या ठिपक्यांशी त्यांची एकास एक सांगड नसते. इलेक्ट्रॉनचा झोत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जातो, त्या प्रवासात रंगाचा दाब कमी-जास्त होतो, बस. ३८४ असोत की ३२०, ओळ काचेभर सारखीच ताणली जाते. किट दुरुस्त होऊन परत बसलं आणि मी मुस्तफाला नुसतं चालवत नेलं, कुणाला न मारता, तेव्हा भिंत सरळ सरकत गेली. त्या संध्याकाळी माझ्यापुरता निर्णय झाला.

प्रत्येकाच्या डोळ्यांना ही लहर टोचेल असं मी म्हणणार नाही. मित्राला मी दाखवली तेव्हा तो म्हणाला, ‘हे तर मला आजवर दिसलंच नव्हतं.’ त्याने एलसीडी ठेवला. आणि त्याचं चुकलं नाही, कारण त्याच्या घरी जास्त करून ‘पॅकमॅन’ आणि ‘डाँकी काँग’ चालतात. १९८० आणि १९८१ चे हे गेम, यांत मागचं चित्र सरकतच नाही. एका जागी उभा असलेला चक्रव्यूह एलसीडीवर ठणठणीत दिसतो. म्हणून कुणी विचारलं तर मी आधी एवढंच विचारतो : तुमचा आवडता गेम कोणता? पडदा न सरकणारे गेम असतील तर ट्यूबच्या मागे लागायची गरज मला दिसत नाही. ‘मुस्तफा’, ‘स्ट्रीट फायटर २’, धावत जाऊन गोळ्या झाडायचे गेम, यांचा जीव सरकण्यात आहे, तिथे विचार करावा. ४के पडद्यावर स्तंभांमधला फरक इतका लहान होतो की लहर बरीच मावळते, हेही खरं. पण जुन्या खोक्यात बसेल असा ४ : ३ आकाराचा ४के पडदा शोधणं हे वेगळंच काम आहे.

आता ट्यूबचा त्रास. तो आहे, आणि मुख्यतः माणसांचा आहे. पिक्चर ट्यूब आता आपल्या देशात कुणी बनवत नाही. ज्यांच्या हाताला तिची सवय आहे असे मेकॅनिक वयस्कर झालेत, आणि त्यांनाही एलईडी टीव्हीच्या पट्ट्या बदलण्यात जास्त पैसे मिळतात. चिकाटीने विचारत राहावं लागतं. पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत सुटे भाग मिळतात, आणि तिथेच कुणी तरी कुणाचं तरी नाव सांगतं. बहुतेक किटांचं दुखणं सारखंच असतं : सुकलेले किंवा फुगलेले कपॅसिटर, ईएचटीच्या (ट्यूबला मोठा दाब देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) पायांपाशी ड्राय सोल्डर म्हणजे सुटलेला टाका, कधी व्हर्टिकल आयसी, म्हणजे चित्र उभं ताणणारी चिप. चित्र वरून-खालून आखडलं असेल, कडा वाकल्या असतील, तर आधी कपॅसिटर बदलून घ्या. ट्यूब गेली असं लगेच मानू नका.

एका बाबतीत मात्र हयगय नको. जुन्या टीव्हीच्या किटात चासीचा मेन लाइनशी थेट संबंध असू शकतो. अशा किटाची ग्राउंड गेमच्या बोर्डाला जोडली तर बोर्ड जळतोच, शिवाय कॉइनच्या पत्र्याच्या दाराला हात लावणाऱ्याला शॉक बसतो. मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच. पार्लरमधून आलेल्या मशीनमध्ये तो तळाशी बसवलेला असतो, जड ठोकळा असतो, आणि निरुपयोगी समजून तो काढून टाकण्याचा मोह होतो. काढू नका. तळाचा प्लाय फरशी पुसण्याच्या पाण्याने फुगलेला असला तर तेवढा कापून टिंबर मार्केटमधून नवा मरीन प्लाय लावा, ट्रान्सफॉर्मर पुन्हा तिथेच बसवा आणि खाली रबरी बुश द्या. पावसाळ्यात फरक कळेल.

मूळ बोर्ड की नवा अनेक गेमवाला बोर्ड, याबद्दल माझं मत ट्यूबइतकं ठाम नाही. ‘मुस्तफा’चा अस्सल बोर्ड मिळाला तर सोनंच, पण त्याच्यावर एक बॅटरी असते. आवाज सांभाळणाऱ्या झेड-८० चिपचा प्रोग्राम कुलूपबंद आहे आणि कुलपाची किल्ली त्या बॅटरीच्या जोरावर टिकते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि वरून ठणठणीत दिसणारा बोर्ड चालत नाही. जाणकार तो पुन्हा उभा करतात, पण ते घरी बसून जमणारं काम नाही. आपल्याकडे फिरणाऱ्या नकली बोर्डांवर ही भानगड नसते, मात्र अस्सल बोर्डावरचा क्यूसाउंड या पद्धतीचा आवाजही नसतो. ठोसे पोकळ ऐकू येतात. मला तोच आवाज ओळखीचा वाटतो, कारण लहानपणी पार्लरमध्ये तोच ऐकला. अनेक गेमवाला नवा बोर्ड घेणार असाल तर एकच पाहा, त्याला ट्यूबला लागणारं १५ किलोहर्ट्झचं आउटपुट आहे का. बऱ्याच नव्या बोर्डांना फक्त व्हीजीए आणि एचडीएमआय असतं, आणि मग ट्यूब ठेवून उपयोग होत नाही. पॉवर सप्लायचे ५ व्होल्ट बोर्डाच्या पट्टीवर मोजा, सप्लायपाशी नाही. बारीक तारांमध्ये दाब पडतो आणि गेम मध्येच अडकतो.

तर घरात लहान मुलं, जागा कमी, भाड्याचा फ्लॅट, आणि मशीन मुख्यतः गणपतीत जमणाऱ्या भाचरांसाठी, असं असेल तर एलसीडी लावा आणि मजेत खेळा. फक्त जुनी ट्यूब, किट आणि ट्रान्सफॉर्मर भंगारात देऊ नका, माळ्यावर ठेवा. एलसीडी बसवताना लाकडाला नवी भोकं पाडू नका, जुन्या कंसांवरच पट्टी टाकून तो अडकवा, म्हणजे उद्या विचार बदलला तर वाट मोकळी राहील. ज्याला मशीन होतं तसंच हवं आहे, आणि महिना-दोन महिने मेकॅनिकची वाट पाहायची तयारी आहे, त्याने माझ्या मते ट्यूबच ठेवावी.

आणि मशीनमधली ट्यूब खरोखरच संपली असेल, तर पुण्याच्या ‘जुन्या बाजारा’त बुधवारी किंवा रविवारी टीव्ही बघायला जाताना, चालू करून दाखवता येईल असाच टीव्ही घ्या. चित्र उजळायला फार वेळ लागत असेल, किंवा पांढऱ्या भागांच्या कडेला चंदेरी फरफट दिसत असेल, तर ती ट्यूब थकलेली आहे. ट्यूबच्या मागच्या निमुळत्या मानेची जाडी जुन्या ट्यूबएवढी आहे का ते पाहा, नाही तर तुमच्या किटाचा सॉकेट बसणार नाही. नुसती ट्यूब कधीच घेऊ नका, टीव्ही अख्खा घ्या : मानेवरचा योक (झोत वळवणारी तारेची गुंडाळी) आणि चुंबकी कड्या कारखान्यात त्याच काचेसाठी जुळवलेल्या असतात, आणि त्या एकदा सरकल्या की तिन्ही रंग पुन्हा एकावर एक आणण्यात मेकॅनिकची सबंध दुपार जाते. योक तुमच्या किटाशी जुळतो का, हे त्याच्याकडून ओहम मोजून घ्या आणि मगच जुनी ट्यूब बाहेर काढा.